तंजावर चित्राची पाठ

यमुनेच्या पाण्यात कमरेपर्यंत उभ्या असलेल्या गोपी, काठावरील वृक्षाच्या फांद्यांवर टांगलेली त्यांची वस्त्रे आणि त्याच वृक्षावर बसलेला मिस्कील श्रीकृष्ण. भागवताच्या दशम स्कंधातील वस्त्रहरणाचा हा प्रसंग तंजावरच्या चित्रकारांच्या आवडत्या विषयांपैकी एक. स्नानाला उतरलेल्या स्त्रिया हा विषय युरोपातील चित्रकारांनाही तितकाच प्रिय होता. मात्र तिकडे पाण्यावरील व कायेवरील प्रकाश रंगाच्या फटकाऱ्यांतून उमटतो, तर तंजावरच्या चित्रात प्रकाशाचे काम प्रत्यक्ष सोनेच करते.

अशी जुनी चित्रे आज संग्राहकांपुढे विक्रीस मांडली जातात, तेव्हा त्यांना बहुधा तीन विशेषणे जोडलेली असतात : दीडशे वर्षांपूर्वीचे, अस्सल सोन्याचे आणि राजघराण्यातील. यांपैकी पहिले विशेषण बऱ्याच अंशी तपासून पाहता येते. दुसरे खरे असले तरी किमतीच्या दृष्टीने फारसे महत्त्वाचे नसते. तिसरे मात्र खरे निघाले, तर खरेदीदाराने आनंदित होण्याआधी थोडे सावध होणे इष्ट. असे का, हे समजून घेण्यासाठी खुद्द तंजावरच्या राजांच्या एका चित्राची हकीकत पाहण्याजोगी आहे.

तंजावर येथे इ. स. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले यांनी मराठी सत्ता स्थापन केली आणि ती १८५५ पर्यंत टिकली. या घराण्यातील सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) हे विद्येचे आणि कलांचे मोठे आश्रयदाते. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले कुलाचा इतिहास मराठीत कोरून घेणारे ते हेच. त्या शिलालेखाचा काळ १८०३. त्यांच्या धन्वंतरी महालात नेत्ररोग्यांच्या नोंदी रंगीत चित्रांसह ठेवल्या जात, आणि सरस्वती महाल ग्रंथालयाला आजचे वैभव आले तेही त्यांच्याच आस्थेमुळे. सरफोजीराजे आणि त्यांचे पुत्र शिवाजीराजे या उभयतांचे एक चित्र याच ग्रंथालयाच्या संग्रहालयात होते.

हे चित्र २००६ साली अमेरिकेत विकले गेले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील सेलम येथील पीबडी एसेक्स या नामांकित संग्रहालयाने ते न्यूयॉर्कमधील कलावस्तूंचे व्यापारी सुभाष कपूर यांच्या दालनातून ३५ हजार डॉलरना विकत घेतले. व्यवहार उघड होता, पैसे रीतसर दिले गेले, चित्राच्या पूर्वीच्या मालकीचे कागदही सोबत होते. पुढे २०११ मध्ये कपूर यांना जर्मनीत अटक झाली व २०१२ मध्ये त्यांना भारतात आणण्यात आले. त्यांच्याकडून गेलेल्या वस्तूंची छाननी सुरू झाली, तेव्हा या चित्राचे कागद बनावट असल्याचे निष्पन्न झाले. संग्रहालयाने २०१५ मध्ये चित्र अमेरिकी अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. ते सरस्वती महालातून चोरीला गेलेलेच चित्र असल्याचे तामिळनाडू पोलिसांच्या मूर्तिचोरी प्रतिबंधक शाखेने २०२२ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मूर्तिचोरीच्या एका वेगळ्या खटल्यात कुंभकोणम येथील न्यायालयाने कपूर यांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

ज्या संस्थेच्या पदरी कलेचे अभ्यासक, वकील आणि ग्रंथसंग्रह होते, तिचीही अशी फसगत व्हावी, ही गोष्ट साध्या ग्राहकाने लक्षात ठेवावी अशी आहे. चित्र अस्सल होते आणि सोनेही अस्सल होते. खोटे होते ते कागद, आणि कागद खोटे निघताच अस्सल चित्रही हातचे गेले.

युरोपीय चित्रांच्या बाबतीत अशी खातरजमा काहीशी सोपी असते. फ्रेंच चित्रकार रेन्वा यांनी १८८७ मध्ये पूर्ण केलेले स्नानमग्न स्त्रियांचे मोठे चित्र आणि सेझान यांनी याच विषयावर आयुष्याच्या अखेरीस रंगविलेला विशाल पट ही दोन्ही आज अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे आहेत. ती कोणी काढली, केव्हा काढली, कोणाकडून कोणाकडे गेली, हे सारे छापील ग्रंथांत नोंदलेले आहे. अशा चित्रकारांच्या यच्चयावत चित्रांच्या सूची विद्वानांनी तयार केल्या आहेत. उद्या कोणी रेन्वा यांचे नवे चित्र घेऊन आला, तर आधी ती सूची उघडली जाते.

तंजावरच्या चित्रकाराने मात्र बहुधा आपले नावच लिहिले नाही. ही कला प्रामुख्याने राजू आणि नायडू समाजांतील कारागिरांची; त्यांच्यासाठी देवाचे चित्र काढणे ही सेवा होती आणि चित्र जाणार होते ते देवघरात. सही नाही, तारीख नाही, सूची नाही. त्यामुळे चित्र कोणत्या घरातून आले, कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले, हीच त्याची ओळख. एखाद्या जुन्या तंजावर चित्राच्या कोपऱ्यात कोणी ठळक सही दाखवू लागला, तर विश्वास वाढण्याऐवजी शंका यावी, हे त्यातले मोठे नवल.

आता पहिल्या विशेषणाकडे, म्हणजे वयाकडे वळता येईल. त्यासाठी चित्र कसे तयार होते हे माहीत असणे आवश्यक आहे. तमिळमध्ये या चित्राला ‘पलगै पडम’ म्हणजे फळीवरचे चित्र असे म्हणतात. परंपरेने फणसाच्या लाकडाची फळी घेतली जाई. तिच्यावर कापड चिकटवीत, त्यावर खडूची भुकटी आणि डिंक किंवा चिंचोक्याची खळ यांच्या मिश्रणाचे लेप देत आणि वाळल्यावर तो पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करीत. त्यावर रेखाटन होई. दागिने, महिरपी, खांब, सिंहासन यांच्या जागी त्याच जातीच्या दाट लगद्याने उठाव दिला जाई, त्यात काचेचे खडे बसवीत, उठावावर सोन्याचा वर्ख चढवीत आणि मग उरलेल्या जागी रंग भरीत. रंग खनिजांचे व वनस्पतींचे, डिंकात कालविलेले, तैलरंग नव्हेत.

म्हणूनच जुन्या चित्राची परीक्षा समोरून कमी आणि पाठीमागून अधिक होते. विक्रेता चित्र चौकटीतून काढून मागची बाजू दाखविण्यास का-कू करू लागला, तर तेथेच थांबलेले बरे. मागे प्लायवूड दिसले तर सरफोजीराजांच्या काळाची गोष्ट तेथेच संपते. ते विसाव्या शतकातील साहित्य आहे आणि आजची पुष्कळशी चित्रे त्यावर काढली जातात. जुनी फळी सुकून थोडी वाकलेली, कडांना काळवंडलेली असते. किडीने लाकूड पोखरले असेल तर त्या वाटा वेड्यावाकड्या जातात. सरळ, एकसारखी, नीटनेटकी भोके ही गिरमिटाची कामगिरी. चौकटीवर आणि काचेवर विसंबू नये, कारण जुन्या वाड्यांच्या मोडतोडीतून निघालेली सागवानी चौकट नव्या चित्राला बसविणे हा सर्वांत सोपा उद्योग आहे. तीच गोष्ट फळीची. जुन्या कपाटाची फळी आणि तिच्यावर नवे चित्र, ही जोडीही होऊ शकते. म्हणून केवळ लाकूड जुने आहे एवढ्याने समाधान मानू नये.

समोरच्या बाजूला पाहावयाचे ते असे. जुन्या सोन्याची झळाळी मंद व मऊ असते आणि उठावाच्या कडांवर ते झिजून खालचा लेप डोकावतो. नकली वर्ख काही वर्षांत काळपट पडतो आणि त्यालाच कोणी ‘जुनेपणा’ म्हणून खपवितो. धुराने वा चहाच्या पाण्याने दिलेला पिवळेपणा सर्वत्र सारखा पसरतो. खरा काळ असा सरसकट काम करीत नाही. तो काचेच्या फटीशी एक वागणूक ठेवतो आणि चौकटीखाली झाकलेल्या कडेशी दुसरी. मोठ्या रकमेचा व्यवहार असेल तर प्रयोगशाळेतील तपासणी करून घेणे योग्य. अतिनील दिव्याखाली नंतरची डागडुजी वेगळी चमकते. रंगाच्या मूळ थरात टायटॅनियमचा पांढरा रंग आढळला, तर चित्र एकोणिसाव्या शतकातील असू शकत नाही, कारण तो रंग बाजारात आला तोच पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणि त्यानंतर.

तंजावर चित्रांना २००७-०८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचाही येथे खुलासा केला पाहिजे. हे मानांकन त्या प्रदेशात आज तयार होणाऱ्या चित्रांच्या नावाचे संरक्षण करते. एखादे चित्र जुने आहे याचा तो दाखला नव्हे. ज्यांना घरात एक सुंदर कृष्ण असावा एवढीच इच्छा आहे, त्यांनी तंजावरच्या कारागिराकडून किंवा तामिळनाडू शासनाच्या ‘पूम्पुहार’ या हस्तकला विक्री केंद्रातून नवे चित्र पावतीसह घ्यावे. त्यात सौंदर्य कमी नाही, कटकट मात्र पुष्कळ कमी आहे.

जुनेच घ्यावयाचे, तर कायदा ठाऊक हवा. पुरावस्तू आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार शंभर वर्षांहून जुने चित्र ही पुरावस्तू ठरते. कागद, लाकूड, कापड अशा कोणत्याही माध्यमावरील जुनी चित्रे नोंदणी आवश्यक असलेल्या वर्गात मोडतात. नोंदणी अधिकाऱ्याकडे विहित नमुन्यात छायाचित्रांसह अर्ज करावा लागतो व त्यावर प्रमाणपत्र मिळते. नोंदलेली वस्तू विकली, दिली वा दुसऱ्याच्या ताब्यात गेली तर तेही कळवावे लागते. पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. देशातल्या देशात खरेदी-विक्रीला बंदी नाही. बंदी आहे ती खाजगी निर्यातीला. तिचा भंग केल्यास किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कारावास आहे, शिवाय दंड.

शेवटचा मुद्दा परदेशी स्थायिक झालेल्या मुलाबाळांच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. आजीच्या देवघरातील चित्र नातवाने सुटकेसमध्ये घालून न्यू जर्सीला नेणे, ही कुटुंबाच्या दृष्टीने मायेची गोष्ट असली, तरी चित्र शंभर वर्षांहून जुने असेल तर कायद्याच्या दृष्टीने ती बेकायदा निर्यात आहे. चित्र तितके जुने नसेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञ समितीकडून ते पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्यावा. विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याला सांगितलेली आजीची आठवण त्या दाखल्याची जागा घेत नाही.

खरेदी करणाऱ्याने आणखी एक गोष्ट करावी. चोरीस गेलेल्या कलावस्तूंची आंतरराष्ट्रीय यादी इंटरपोल ठेवते आणि २०२१ पासून ती मोबाइलवरही पाहता येते. लंडनच्या आर्ट लॉस रजिस्टर या संस्थेकडे शुल्क भरून शोध घेता येतो. यादीत नाव नसणे म्हणजे चित्र निर्दोष असणे नव्हे; सरस्वती महालातील चित्र विकले गेले त्या वर्षी अशी एखादी नोंद कोणी पाहिली असती, तर त्याला काय सापडले असते, हा प्रश्नच आहे. तथापि शोध घेतल्याचा लेखी पुरावा खरेदीदाराच्या सद्‍भावनेचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

येथे या विषयातली खरी अडचण उभी राहते. चोराजवळ कागद असतात, कारण ते त्याने मुद्दाम तयार केलेले असतात. प्रामाणिक घराजवळ मात्र कागद नसतात. तंजावर, कुंभकोणम परिसरातील मराठी घरांत किंवा पुण्या-मुंबईकडे येऊन स्थायिक झालेल्या तंजावरी कुटुंबांत देवघरात टांगलेल्या कृष्णाची पावती कोणी आणि कशासाठी ठेवावी? चेट्टिनाडच्या मोठमोठ्या वाड्यांची वाटणी झाली, तशी त्यांतील भांडी, खांब, दरवाजे, चित्रे कारैकुडीच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात आली. त्यातील अनेक वस्तूंसोबतही घराच्या नावापलीकडे काही नाही. अशा घरांतील वडीलधाऱ्यांपुढे एखादा दलाल बसतो, जुन्या चित्राच्या बदल्यात झळझळीत नवे चित्र आणि वर काही हजार रुपये देऊ करतो, आणि देवघर नव्या सोन्याने उजळले म्हणून घरात समाधान मानले जाते. वस्तू कोणाची होती हे सांगणारा शेवटचा धागा त्याच दिवशी तुटतो. पुढे ते चित्र ‘राजघराण्यातील’ होते, आणि ज्यांच्या घरातून ते गेले त्यांचे नाव कोठेच उरत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी असे चित्र आहे, त्यांनी विकण्याचा विचार नसला तरीही कागद आजच तयार करावेत. मृत्युपत्रात किंवा वाटणीपत्रात ‘देवघरातील वस्तू’ असा मोघम उल्लेख न करता चित्राचा विषय, लांबी-रुंदी आणि ओळखीची खूण नमूद करावी. लग्नमुंजीच्या जुन्या छायाचित्रांत मागच्या भिंतीवर तेच चित्र दिसत असेल, तर त्या छायाचित्रासारखा पुरावा नाही. कृष्णधवल, अस्पष्ट असले तरी चालेल. घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीकडून चित्र घरात कधी व कसे आले याचे निवेदन तारखेसह लिहून, सही घेऊन ठेवावे. हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नये.

यानंतर पैशाचा हिशेब, जो बँकेच्या ग्राहकांना बहुधा सर्वांत आधी विचारावासा वाटतो. चित्रातील सोने तारण ठेवून कर्ज मिळेल काय, असा प्रश्न अधूनमधून शाखांतून येतो. उत्तर नकारार्थी आहे. सुवर्णकर्ज दागिने आणि विहित नाण्यांवर दिले जाते. चित्रावरील वर्ख इतका पातळ असतो की तो खरवडून काढला तर सोने नाममात्र हाती येईल आणि चित्र मात्र पूर्णपणे जाईल. दुसरे विशेषण फारसे महत्त्वाचे नाही असे प्रारंभी म्हटले, ते याचसाठी. चित्राचे मोल कारागिरी, वय, अवस्था आणि मालकीचा स्पष्ट इतिहास यांत आहे.

विक्रीतून होणाऱ्या नफ्यावर कर लागतो. पूर्वी घरातील चित्र ही वैयक्तिक वापराची वस्तू मानली जाई व तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नसे. २००७ च्या वित्त अधिनियमाने ही सवलत काढून घेतली आणि करनिर्धारण वर्ष २००८-०९ पासून चित्रे, रेखाटने, शिल्पे यांवरील नफा करपात्र झाला. चोवीस महिन्यांहून अधिक काळ बाळगलेल्या चित्राच्या विक्रीवर, २३ जुलै २०२४ पासून, महागाई निर्देशांकाचा लाभ न देता साडेबारा टक्के दराने कर आकारला जातो. वारशाने आलेल्या चित्रासाठी पूर्वजाची खरेदी किंमत व बाळगण्याचा काळ धरला जातो, आणि चित्र १ एप्रिल २००१ पूर्वी घरात आलेले असेल तर त्या दिवशीची रास्त बाजारकिंमत घेता येते.

उदाहरणादाखल, त्या दिवशीची किंमत नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाने एक लाख रुपये ठरविली आणि चित्र सात लाखांना विकले, तर नफा सहा लाख, त्यावर कर पंच्याहत्तर हजार आणि चार टक्के उपकर तीन हजार; एकूण अठ्ठ्याहत्तर हजार रुपये. मूल्यनिर्धारकाचा अहवाल नसेल तर हाच हिशेब ग्राहकाला बराच महागात पडू शकतो. नातेवाइकाव्यतिरिक्त अन्य कोणी पन्नास हजारांहून अधिक मूल्याचे चित्र भेट दिले, तर ते घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरले जाते. एका व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास २०१७ पासून मनाई आहे, तेव्हा विक्रेता ‘रोख दिल्यास सवलत’ म्हणाला तर ती सवलत कोणाला महाग पडणार हे उघड आहे. धनादेशाने वा बँक हस्तांतरणाने दिलेली रक्कम खातेउताऱ्यावर उमटते आणि चित्राच्या मालकीच्या साखळीतील एक भक्कम दुवा होते.

विम्याबाबत थोडक्यात. घरगुती विमापत्रात कलावस्तू आपोआप समाविष्ट असतीलच असे नाही. त्यांचे मूल्य अहवालासह स्वतंत्रपणे घोषित करावे लागते. सुरक्षित जमा कप्प्यात मोठी फळी मावत नाही, पण तिचे कागद मावतात. नोंदणी प्रमाणपत्र, मूल्यनिर्धारणाचा अहवाल, पावती आणि छायाचित्रे तेथे ठेवावीत व त्यांच्या प्रती घरी.

चित्राची देखभाल मात्र हात आवरूनच करावी. रंग डिंकातले असल्याने ओला बोळा फिरविताच ते सुटतात; लिंबू, तेल, साबण यांचे तर नावही नको. वातानुकूलन यंत्राच्या झोतासमोर फळी फाटते व उठाव तडकतो. स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीवर धूर आणि ओल दोन्ही पोहोचतात. उडालेल्या सोन्यावर नवे सोने चढवून घेण्याचा मोह टाळावा, कारण संग्राहकाच्या लेखी अशा ‘नूतनीकरणाने’ किंमत वाढत नाही, घटते. छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, समोरून आणि पाठीमागून, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावीत. पाठीवरील जुनी चिठ्ठी, तमिळ, तेलुगू वा मोडीतील एखादी ओळ, दुकानाचा शिक्का, जे असेल ते तसेच राहू द्यावे व त्याचे जवळून स्वतंत्र छायाचित्र घ्यावे. फळीवर पेनने नवे काही लिहू नये आणि चिकटपट्टीही लावू नये. नोंदणी क्रमांक वेगळ्या कागदावर लिहून तो प्रमाणपत्राला जोडून ठेवावा.